येऊ का?

माणूस स्वतःच्या घरात शिरताना विचारतो का हो? कुलूप आपलं, किल्ली आपल्या खिशात, आत चिटपाखरू नाही. मग विचारायचं कुणाला, भिंतींना? आमचे सर विचारायचे. देवासला टेकडीच्या मागच्या अंगाला त्यांचं दोन खोल्यांचं घर. कुलूप काढायचं, दार ढकलायचं, उंबऱ्याबाहेर उभं राहायचं आणि चांगल्या खणखणीत आवाजात म्हणायचं, "येऊ का?" साठीला टेकलेला, उंचापुरा, खिशाला चार पेनं लावलेला माणूस. गल्लीतली पोरं हसायची. पहिल्यांदा मीही हसले होते, खोटं कशाला बोलू.

पण आतून उत्तर यायचं. बाईचा आवाज, वयस्कर, जरा घोगरा, हातात काहीतरी काम असल्यासारखा: "कोण? बाळ का? ये. पाय धुऊन ये." मग सर चपला काढून आत जायचे आणि खरोखरच पाय धुवायचे. तो आवाज त्यांच्या आक्कांचा, म्हणजे थोरल्या बहिणीचा. आक्का जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. दाराच्या चौकटीला आतून साबणाच्या वडीएवढी एक पेटी ठोकलेली होती आणि बाहेरच्या बाजूला बटण. सर बटण दाबायचे, पेटी बोलायची.

ती पेटी आता बोलत नाही. माझ्यामुळे गप्प झाली. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी सरांच्या तऱ्हा सांगणार आहे, तुम्ही हसाल, आणि हसता हसता हे विसरून जाल. मला विसरता येत नाही.

मी धारची. शाळा हिंदी, कॉलेज इंदूरचं, मराठी घरात बोलण्यापुरती. आजही मराठी पुस्तक हातात घेतलं की वाचताना ओठ हलतात. पहिली नोकरी लागली देवासच्या इंडस्ट्रियल एरियात, विहिरीवरच्या मोटारींचे कंट्रोलर बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत. घरी बसून मोबाइलवरून मोटार चालू-बंद करायची, व्होल्टेज फार वरखाली झालं तर ती आपली आपण थांबायची, असा डबा. डब्यात एक बोर्ड, बोर्डावर एक चिप, चिपमध्ये आमचा प्रोग्राम. तो लिहायचा, चिपमध्ये भरायचा आणि बिघडला की का बिघडला ते शोधायचं, हे खातं सरांचं. खातं म्हणजे एक खोली, एक लांब टेबल आणि सर. नंतर मी.

पहिल्या दिवशी बॅग खांद्याला लावून मी थेट त्या खोलीत घुसले. सरांनी मान वर केली नाही.

"कोण?"

"सर, वो मैं नई जॉइन हुई हूँ, सेठ जी ने कहा कि—"

"मराठी का?"

"हो."

"कुठली?"

"धारची."

"धारची, आणि न विचारता आत? बाहेर जा. विचार. मग ये."

मला वाटलं गंमत करताहेत. कसली गंमत! मी बाहेर गेले, "येऊ का सर?" म्हटलं, तर आतून उत्तरच येईना. पाच मिनिटं उभी. पॅकिंगवाल्या बायका माझ्याकडे बघून तोंडावर पदर घेताहेत. शेवटी "ये" आलं. मी आत गेल्यावर म्हणाले, "विचारणं म्हणजे अर्धी परवानगी. उरलेली अर्धी समोरच्याच्या तोंडून यायला लागते. तोवर उंबरा ओलांडायचा नाही." मी मनात म्हटलं, मेलीस तू बाई, कुठे येऊन पडलीस!

त्यांचे पणजोबा म्हणे देवास संस्थानात, थोरल्या पातीच्या राजांच्या देवडीवर होते. राजवाड्याच्या दाराशी उभं राहायचं, आलेल्याला 'कोण' म्हणून विचारायचं, आत जाऊन सांगायचं, आतून 'येऊ दे' आलं की बाजूला व्हायचं. राज्य गेलं, चाकरी गेली, तीन पिढ्या कारकुनीत आणि मास्तरकीत गेल्या, पण घरातली विचारायची खोड तेवढी गेली नाही. सर फ्रिज उघडताना विचारत नसत, एवढंच नशीब. बोर्डाला मात्र विचारायचे.

बोर्डाला विचारायचं म्हणजे काय, ते सांगते. चिप बाहेरून नुसता काळा चौकोन. आत काय चाललंय ते दिसत नाही. त्यासाठी डिबग प्रोब असतो. काडेपेटीएवढं यंत्र, एक टोक लॅपटॉपला, दुसऱ्या टोकाच्या चार-पाच वायरी चिपशी जोडायच्या. तो लागला की चालता प्रोग्राम मध्येच थांबवता येतो, चिपच्या पोटात काय लिहिलंय ते पडद्यावर वाचता येतं, पुसता येतं, नवीन भरता येतं. सरांचा प्रोब बाग प्रिंटच्या लाल-काळ्या फडक्यात गुंडाळलेला असायचा. फडकं आक्कांच्या जुन्या चादरीचं. प्रत्येक वायरीला पट्टी चिकटवून त्यांनी मराठीत नावं घातली होती. ग्राउंडची वायर 'जमीन', डेटाची 'बोली', क्लॉकची 'ठेका', रीसेटची 'उठवणी'. क्रम ठरलेला. आधी जमीन. "पाय टेकल्याशिवाय कुणाशी बोलू नये," हे दिवसातून दहा वेळा. मग बाकीच्या वायरी, मग बोर्डाला वीज, मग दोन्ही पंजे टेबलावर टेकवून हळूच, "येऊ का?" आणि त्यानंतर बटण. चिपने आपला ओळख-नंबर पडद्यावर दिला की सर माझ्याकडे बघून म्हणायचे, "हं. म्हणाली, ये."

कंपनीचे मालक, त्यांना आम्ही सगळे शेठ म्हणायचो, दारातून हे बघून कपाळाला हात लावायचे. "अरे भिया, चिप है के नई बहू है? चालीस बोर्ड पड़े हैं, हाथ चलाओ!"

सर शांतपणे म्हणायचे, "सेठ जी, जिसको जल्दी है उसको मेरे पास भेज दो, मैं बिठा के चाय पिलाता हूँ."

एकदा बागलीहून एक डबा परत आला. मोटार मनाला येईल तेव्हा बंद पडते, गिऱ्हाईक वैतागलेलं, डीलरने शेठला फोनवर वाट्टेल ते ऐकवलेलं. परत आलेल्या बोर्डाचा आमच्याकडे एकच रिवाज होता: जुनं पुसा, नवीन भरा, पाठवून द्या. सरांनी पुसलं नाही. प्रोब लावला, विचारलं, आणि तीन दिवस नुसतं वाचत बसले. शेठ ओरडून ओरडून दमले. तिसऱ्या दिवशी दुपारी सापडलं. बागलीच्या विजेचा काही दोष नव्हता. चूक आमच्या प्रोग्राममध्ये होती, आणि ती ओळ मी लिहिली होती. सर उठले, शेठकडे गेले आणि म्हणाले, "प्रोग्राम में गलती थी, ठीक कर दी." कुणाची गलती, ते त्यांनी शेवटपर्यंत सांगितलं नाही. मला म्हणाले, "पुसून टाकलं असतं तर त्या बोर्डाचं म्हणणं गेलं असतं गं. पुसायच्या आधी ऐकून घ्यावं." मी मान डोलावली. मान डोलवायला काय जातं.

मी देवासलाच खोली घेऊन राहायची, शनिवारी बसने धारला जायची. कधी गेले नाही तर रविवारी सकाळी सरांकडे चहा. पोहे ते स्वतः करायचे, वर शेव इतकी की खाली पोहे शोधावे लागत. दारात उभं राहून आम्ही दोघंही विचारायचो, सर बटण दाबायचे आणि आक्का म्हणायच्या, "कोण? बाळ का? ये." सहा फुटांचा बाळ मग वाकून चपला काढायचा. आक्कांना मी कधी पाहिलं नाही. त्यांचं लग्न झालं नाही, सरांचंही नाही. आईवडील लवकर गेले तेव्हा आक्कांनीच त्यांना वाढवलं, एवढं मला ठाऊक. पण त्या दोन ओळींवरून मला त्यांचं नाक, त्यांचं पातळ, पोळ्या लाटताना मागे न वळता बोलायची सवय, सगळं दिसायचं.

पेटी कशी झाली ते त्यांनीच एकदा सांगितलं. शेवटच्या वर्षी आक्का अंथरुणावर होत्या. सर कामावरून आले की दारातून विचारायचे आणि त्या पडल्या पडल्या उत्तर द्यायच्या. एक दिवस सरांनी बोर्डावर माइक लावला आणि तो उशाशी ठेवला. आक्का म्हणाल्या, "मला काय डब्यात घालतोस काय रे?" सर म्हणाले, "घालू का?" आक्का हसल्या. म्हणाल्या, "घाल. पण दारापुरतं हं. लोकांच्या फोनांमधून माझा आवाज हिंडवायचा नाही." तो आवाज माइकमधून थेट चिपमध्ये गेला. दुसरी प्रत नाही. चिप आमच्या कंपनीच्या बोर्डावर असते तीच.

एकदा दारात मी फोन बाहेर काढला होता. म्हटलं, रेकॉर्ड करून ठेवू, यंत्राचा काय भरवसा. सरांनी माझ्या मनगटावर हात ठेवला. "ती दारापुरतं हो म्हणाली होती. फोनचं तिला विचारलेलं नाही." आता विचारणार तरी कसं, हे माझ्या ओठांवर आलं होतं. मी फोन पर्समध्ये टाकला. मी आज्ञाधारक मुलगी, नको तिथे! पाच सेकंदांचा तर आवाज. त्या दिवशी चोरून घेतला असता तर आज हे लिहायची वेळ आली नसती.

दोन वर्षांनी, थंडीच्या सुरुवातीला, पेटी अडखळायला लागली. "कोण? बाळ का?" एवढं म्हणून गप्प. पुढचं 'ये' येईचना. सर पुन्हा बटण दाबायचे. पुन्हा "कोण? बाळ का?" कधी तिसऱ्यांदा 'ये' यायचं, कधी सातव्यांदा. तोवर हा माणूस भाजीची पिशवी हातात धरून स्वतःच्या दारात उभा. मी म्हटलं, "सर, चला ना आत, काय हे!" तर माझ्याकडे असे बघायला लागले, जणू मी कुणाच्या घरात भिंत फोडून शिरायला सांगितलंय.

शेवटी म्हणाले, "आता आतून आवाज काढून नव्या चिपमध्ये घालायला हवा. दारापुरतंच आहे, दार तेच आहे. ती नाही म्हणायची नाही." हे ठरवायला त्यांना महिना लागला.

त्याच सुमारास शेठनी नवे लॅपटॉप आणि नवे प्रोब आणले. जुना प्रोब नव्या लॅपटॉपला ओळखच देईना. शेठनी मला बाजूला घेतलं. "देख बेटा, सर जी को नया सिस्टम सिखा दे. सोमवार से रोज़ के चालीस बोर्ड चाहिए. नहीं हुआ तो मैं टेबल किसी और को दे दूँगा, फिर मत कहना." मला सरांची काळजी वाटली, अगदी खरी वाटली. ही माझी बाजू. दुसरी काही नाही.

शनिवारी सकाळपासून बसलो. प्रोब जोडला, लॅपटॉपला दिसेना. ड्रायव्हर टाकला, दिसायला लागला. यादीतून चिपचं नाव निवडायचं. सरांनी यादी वरपासून वाचायला सुरुवात केली. पडद्यावर जी खिडकी उघडेल ती मोठ्याने वाचायची, अर्थ लावायचा, मग बटण. मी आतल्या आत दात खातेय. वायरी लावल्या, जमीन आधी, सगळं यथासांग, तर चिप सापडत नाही म्हणून लाल अक्षरं. मी वायरी उलटसुलट करून पाहिल्या, सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं, लॅपटॉप बंद करून चालू केला. अकराचे दोन वाजले. सर स्वस्थ बसून बघत होते.

"वेग कमी कर," म्हणाले.

"सर, त्याचा काय संबंध?"

"नव्या वायरी लांब आहेत. लांबून बोलायचं तर हळू बोलावं लागतं. तू धाडधाड विचारतेयस, ती उत्तर कशी देणार?"

वेग निम्म्याहून खाली आणला. चिपने लगेच आपला नंबर दिला. "हं. म्हणाली, ये," सर म्हणाले. माझा चेहरा पडला, ते त्यांनी पाहिलं आणि न पाहिल्यासारखं केलं.

आता राहिला एक प्रश्न. या नव्या सॉफ्टवेअरमध्ये डिबगचं बटण दाबलं की एक खिडकी यायची. 'चिप रिकामी नाही. जुनं पुसून नवीन प्रोग्राम भरायचा?' खाली 'हो' आणि 'नाही'. 'हो' म्हटलं की पुसून आमचा प्रोग्राम भरायचा. 'नाही' म्हटलं की आहे ते तसंच ठेवून नुसतं वाचायला उघडायचा. सरांना ही खिडकी फार आवडली. "बघ, हा यंत्र असून विचारतो!" प्रत्येक बोर्डाला ते खिडकी पूर्ण वाचायचे, बोट 'हो'वर न्यायचे, थांबायचे, मग दाबायचे. मी घड्याळ लावून पाहिलं. या चालीने दिवसाला बारा बोर्ड झाले असते. सोमवारी शेठनी त्यांना घरी पाठवलं असतं.

खिडकीच्या तळाशी एक छोटा चौकोन होता: 'पुन्हा विचारू नका, हेच उत्तर कायम समजा.' सर चहाला बाहेर गेले. मी 'हो' धरून त्या चौकोनात टिक केली. एक क्लिक. मनात म्हटलं, सोमवारी सांगू. आता सांगितलं तर तासभर वाद घालतील आणि माझी बस जाईल.

सर चहा घेऊन आले, माझ्यासाठीही आणला होता. लॅपटॉप पिशवीत घालता घालता म्हणाले, "उद्या रविवार. आक्काचं काम उरकून टाकतो म्हणतो." मी म्हटलं, "हो सर, करा ना." हे मी कानांनी ऐकलं, तोंडाने उत्तर दिलं, आणि अक्कल बसस्टँडवर जाऊन बसली होती.

रविवारी सकाळी धारला आमच्याकडे धांदल. नालछ्याला आत्याकडे कार्य होतं, सगळे गाडीत बसलेले, हॉर्न चाललेला. सरांचा फोन आला. ते फोन कधी करत नसत.

"अगं, त्याने विचारलंच नाही गं."

"कुणी सर?"

"काल शिकवलंस तसंच केलं. जमीन आधी लावली. वेग कमी ठेवला. मी 'नाही' म्हणायला तयार बसलो होतो. प्रश्नच आला नाही. ती निळी पट्टी सरकली आणि झालं म्हणाला. आता दारातलं बटण दाबलं की लाल दिवा लागतो. मोटार बंद आहे म्हणून दाखवतो."

एका क्षणात सगळं कळलं, शनिवारचा तो चौकोन डोळ्यांपुढे आला. बाहेर हॉर्न. आई ओरडतेय. आणि मी काय बोलले असेन? मी म्हटलं, "सर, नवीन सॉफ्टवेअर आहे ना... तुमच्याकडून चुकून 'हो' दाबलं गेलं असेल."

हे मी बोलले. याच तोंडाने.

मग सर म्हणाले, "हो. तसंच असेल." आणि थोड्या वेळाने, "पुसलेलं परत येतं का गं?"

"नाही सर."

"बरं. जा तू, तुझी गाडी वाजतेय."

सोमवारी ते वेळेवर आले. लॅपटॉप टेबलावर ठेवला, नवा प्रोब ठेवला, जुना फडक्यातला प्रोब पिशवीत घातला. शेठला म्हणाले, "हात चूकने लगा है मेरा. मिटाने के काम पे ऐसा हाथ नहीं चाहिए." शेठनी एकदाच "अरे नहीं सर जी" म्हटलं. ते आत बोलत होते तेव्हा मी काय केलं सांगू? मी लॅपटॉप उघडला आणि ती टिक काढून टाकली. कुणाला कळायला नको. सर बाहेर आले, मला म्हणाले, "नीट काम कर हं," आणि गेले. त्यांचं टेबल मला मिळालं, त्या महिन्यात पगारही वाढला. लाज वाटली, पण घेतला.

मी जायची त्यांच्याकडे, आठ-पंधरा दिवसांनी. बघावं तर सर ओट्यावर बसलेले, दार सताड उघडं, कुलूप हातात. समोरची बाई हाक मारायची, "बाबूजी, अंदर जाओ, कब तक बैठोगे." सर म्हणायचे, "जाता हूँ, जाता हूँ," आणि कधीतरी 'येऊ का' पुटपुटून, मान खाली घालून आत शिरायचे. एकदा मला राहवलं नाही. मी मागच्या दाराने आत गेले, स्वयंपाकघरात उभी राहिले आणि आवाज जरा जाड करून म्हटलं, "कोण? बाळ का? ये." मला वाटलं, वेडेपणा असेल, पण माणूस आत तरी येईल.

सर उंबऱ्याशी आले. आत पाऊल टाकलं नाही. "तू नको म्हणूस गं," एवढंच म्हणाले. मला रडू फुटलं आणि त्यांनाच माझी समजूत घालावी लागली.

ते बारीक होत चालले होते. बोलता बोलता मध्येच उजव्या हाताचं बोट उचलून बघायचे, त्याच्यावर काही लागलंय का म्हणून बघावं तसे. चार महिने मी असे काढले. दर वेळी ठरवून जायची, आज सांगायचंच, आणि पोहे खाऊन परत यायची.

चार महिन्यांनी सांगितलं. ओट्यावरच, भर दुपारी. चौकोन, टिक, चहा, बस, फोन, सोमवारी गुपचूप काढलेली टिक, सगळं.

मग सर म्हणाले, "म्हणजे मी 'हो' म्हटलं नव्हतं?"

"नाही सर."

"आक्काला पुसायला मी 'हो' म्हटलं नव्हतं."

"नाही सर. तुम्हाला विचारलंच गेलं नाही. मी विचारू दिलं नाही."

त्यांनी दोन्ही हातांनी तोंड पुसलं. क्षणभर चेहरा इतका मोकळा झाला, पहिल्यासारखा, की मला वाटलं सुटले, माफ केलं. मूर्ख मी. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"टिक केलीस, त्याचं काही नाही. माझी नोकरी राहावी म्हणून केलीस. पण चार महिने मी तिची माफी मागत होतो गं. रोज. न केलेल्याची. आणि तू समोर बसून चहा पीत होतीस."

सर उठले, गुडघ्यावर हात देऊन, सावकाश. दाराशी गेले. थांबले नाहीत, विचारलं नाही, सरळ आत गेले आणि दार लोटून घेतलं. आवाजसुद्धा झाला नाही. ज्या माणसाने जन्मात न विचारता उंबरा ओलांडला नव्हता, तो माझ्यापासून लांब जायला तसाच आत गेला.

आता मी इंदूरला असते, मोठ्या कंपनीत. माझ्या हाताखालच्या मुलांना मी प्रोब लावायला शिकवते. आधी ग्राउंड, मग बाकीचं. तो चौकोन दिसला की त्यांच्यावर विनाकारण ओरडते, ती एकमेकांकडे बघतात. देवास काही लांब नाही. महिन्या-दोन महिन्यांनी जाते. ओट्याखाली चपला काढते आणि विचारते, "सर, येऊ का?" आत कपबशीचा आवाज येतो, रेडिओ चालू असतो, खोकल्याची ढास येते. दाराला आतून कडीही नसते. ढकललं तर उघडेल. पण अर्धी परवानगी माझी झाली, उरलेली अर्धी त्यांच्या तोंडून यायला लागते, हे मला त्यांनीच पहिल्या दिवशी शिकवलंय. बाहेरचं बटण अजून आहे. मी त्याला हात लावत नाही.

गेल्या महिन्यात गेले होते. विचारलं. रेडिओ बंद झाला. आतून आवाज आला, "कोण?"

मी म्हटलं, "मी, सर. धारची."

बराच वेळ उभी होते. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. समोरच्या बाईने दोनदा बाहेर येऊन पाहिलं. आत कुणीतरी दाराच्या अगदी जवळ उभं होतं. दाराखालच्या फटीतून दोन पायांची सावली दिसत होती. पुढचं 'ये' काही आलं नाही.

मी चपला घातल्या.